गुडघ्याची झीज आणि वनौषधींची खरी मर्यादा

औसा तालुक्याच्या काळ्या जमिनींत सोयाबीन, तूर, हरभरा व ज्वारी हीं मुख्य पिकें होत. पेरणी ट्रॅक्टरनें होऊं लागली, मळणी यंत्रानें होते. परंतु निंदणी-खुरपणी, विळ्यानें होणारी काढणी, भाजीपाल्याची तोडणी, गोठ्यांतील शेण काढणें आणि धार काढणें हीं कामें अद्यापि पुष्कळ ठिकाणीं मनुष्याच्या गुडघ्यांवरच चाललीं आहेत. पन्नाशी ओलांडली कीं घरोघर एकच तक्रार ऐकूं येते: गुडघे धरले. मांडी घालून बसतां येत नाहीं; बसलें तर उठतां येत नाहीं; बांध चढतांना कळ येते आणि उतरतांना त्याहून अधिक येते. बायकांची स्थिति तर पुरुषांहून वाईट. कारण शेतांतील बैठें काम संपवून घरीं आल्यावर चूल, भांडीं व सारवण यांतहि त्यांस पुन्हां उकिडवेंच बसावें लागतें.

या दुखण्यानें मनुष्य दगावत नाहीं, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतें. तथापि शेतीच्या धंद्यास तें फार मारक आहे. धनी शेतांत जाईनासा झाला कीं देखरेख सुटते, वेळेवर होणारें काम मागें पडतें आणि शेवटीं चांगली जमीन बटाईनें लावण्याची पाळी येते. अशा अडचणींत सांपडलेला मनुष्य जो कोणी आशा दाखवील त्याच्यामागें जातो. आठवड्याच्या बाजारांतील जडीबुटीवाला, औषधांच्या दुकानांतील रंगीत डब्या आणि घरबसल्या टपालानें येणारीं चूर्णें या सर्वांचें आश्वासन एकच असतें: झिजलेली गादी पुन्हां भरून येईल, आटलेलें वंगण पुन्हां सुटेल. हें आश्वासन कितपत खरें आहे, कोणत्या वनस्पतींचा कितपत उपयोग अनुभवास आला आहे, आणि पैसा व श्रम प्रथम कोठें खर्च करावे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. सार आरंभींच सांगावयाचें तर असें कीं, कांहीं वनस्पति वेदना कमी करितात, हें प्रयोगांनीं दिसून आलें आहे. परंतु झिजलेली कूर्चा पुन्हां उत्पन्न करणारी वनस्पति अद्यापि कोणास सिद्ध करून दाखवितां आलेली नाहीं. हा भेद ज्यानें ध्यानांत ठेविला त्याचा पैसाहि वांचेल आणि गुडघाहि अधिक दिवस टिकेल.

गुडघ्यांतील वंगण म्हणजे काय?

गुडघ्याचें दुखणें समजावून सांगतांना बैलगाडीच्या चाकाचा दाखला देण्याची पद्धत आहे. आंस व तुंबा यांचें घर्षण होऊं लागलें, चाक कुरकुरूं लागलें, कीं आपण वंगण घालतों. तसेंच गुडघ्याचेंहि वंगण संपतें, असें म्हणतात. हा दाखला अर्धा खरा व अर्धा फसवा आहे. मांडीचें हाड व नडगीचें हाड जेथें मिळतात तेथें दोहोंच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत व लवचिक थर असतो. त्या थरांत निम्म्याहून बराच अधिक भाग पाणी असतें आणि तें चिवट तंतूंच्या जाळ्यांत धरून ठेविलेलें असतें. भोंवतीं सांध्याचें आवरण असून त्याच्या अस्तरांतून दाट, बुळबुळीत द्रव पाझरतो. तेंच वंगण.

येथपर्यंत दाखला जुळतो. भेद असा कीं, चाकाचें वंगण बाहेरून घालतां येतें, गुडघ्याचें तसें नाहीं. कूर्चेंत रक्तवाहिन्या नाहींत. भार पडला म्हणजे तिच्यांतून पाणी पिळून निघतें आणि भार सुटला म्हणजे पोषक द्रव्यांसह तें पुन्हां आंत शोषिलें जातें. म्हणजे कूर्चेचें अन्न तिला हालचालीनेंच मिळतें. रक्ताचा पुरवठा नसल्यामुळें व तिच्यांतील सजीव पेशी थोड्या असल्यामुळें ती एकदां झिजली म्हणजे कातडीवरील जखमेप्रमाणें भरून येत नाहीं. पोटांत घेतलेलें औषध रक्तांतून फिरतें. तें गुडघ्यांत जाऊन नवा थर बसवील, ही अपेक्षा म्हणूनच मोठी आहे. उलट वेदना ही केवळ कूर्चेची नसते. कूर्चेंत वेदना जाणणारे तंतुच नाहींत. दुखतें तें सुजलेलें अस्तर, ताणलेलें आवरण, कूर्चेखालील हाड आणि थकलेले स्नायु. औषधानें सूज उतरली तर दुखणें कमी होऊं शकतें, मात्र झीज होती तेवढीच राहते. दुखणें कमी झालें म्हणजे गादी भरली, असा जो समज होतो त्याचें मूळ या गोष्टींत आहे.

हा रोग आपल्या देशांत नवा नाहीं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत वातव्याधींच्या अध्यायांत संधिगत वाताचें लक्षण आलें आहे. वाऱ्यानें भरलेल्या कातडी पिशवीप्रमाणें हातास लागणारी सूज आणि सांधा आंखडतांना व पसरतांना होणारी वेदना, असें त्याचें वर्णन आहे. आमवात व वातरक्त हे रोग वैद्यकानें यापासून वेगळे मानिले आहेत, आणि आजचें शास्त्रहि ते वेगळेच मानितें. भेद ओळखणें अगत्याचें आहे. सकाळीं उठल्यावर हातांच्या बोटांचे व मनगटाचे सांधे अर्ध्या तासाहून अधिक वेळ ताठर राहत असतील, सांधा लाल व गरम होत असेल, किंवा ताप येत असेल, तर ती साधी झीज नव्हे. तेथें घरगुती उपायांत वेळ घालवूं नये. महाराष्ट्रांत २००६ सालीं चिकनगुनियाची जी सांथ आली तींतहि कित्येकांचे सांधे महिनोमहिने दुखत राहिले होते. सर्व सांधेदुखी एकच समजून एकच चूर्ण सर्वांस देणारा मनुष्य म्हणूनच विश्वासास पात्र नव्हे.

प्रयोगांनीं काय दाखविलें?

नवें खत आपण घेतलें आणि पीक चांगलें आलें, तर तें खतामुळें कीं पावसामुळें, हें कसें ठरवावें? शेजारीं बिनखताचा वाफा ठेवावा, म्हणजे ठरतें. औषधाचेंहि तसेंच आहे. गुडघ्याचें दुखणें कांहीं आठवडे वाढतें, कांहीं आठवडे आपोआप उतरतें. मनुष्य औषध घेतो तें बहुधा दुखणें शिगेस पोंचलें असतां. मग तें उतरलें कीं श्रेय औषधास मिळतें. याकरितां कांहीं रोग्यांस खरें औषध व कांहींस तशीच दिसणारी निरौषधी गोळी देऊन, कोणास काय दिलें हें रोग्यास व तपासणाऱ्यासहि कळूं न देतां, दोघांची तुलना करावी लागते. निरौषधी गोळी हा बिनखताचा वाफा होय.

या बाबतींत महाराष्ट्रानें केलेलें काम अभिमानास्पद आहे. पुणें जिल्ह्यांतील भिगवण या गांवीं डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालापासून घरोघर जाऊन सांध्यांच्या दुखण्याची पाहणी केली. प्रौढ माणसांपैकीं शेंकडा सुमारें १८ जणांस हाडा-सांध्यांचें दुखणें असल्याचें तींत आढळलें. शहरांतील दवाखान्यांत बसून जें कळलें नसतें तें एका शेतकरी गांवानें दाखवून दिलें: हा रोग खेड्यांतहि घरोघर आहे.

१९९१ सालीं पुण्यांतील संशोधकांनीं अश्वगंधा, सालई, हळद व जसदाचें भस्म यांच्या मिश्रणाचा ४२ रोग्यांवर प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येक रोग्यास तीन महिने औषध व तीन महिने निरौषधी गोळी मिळाली. औषधाच्या काळांत वेदना व पंगुपणा स्पष्टपणें कमी झाला. परंतु क्ष-किरणांच्या चित्रांत फरक दिसला नाहीं. नागपूरच्या संशोधकांनीं २००३ सालीं सालईच्या डिंकाच्या अर्काचा ३० रोग्यांवर असाच उलटसुलट प्रयोग प्रसिद्ध केला. आठ आठवड्यांत वेदना व सूज कमी झाली, गुडघा अधिक वाकूं लागला, चालण्याचें अंतर वाढलें. क्ष-किरणांच्या चित्रांत येथेंहि फरक नव्हता. ऑस्ट्रेलियांत टास्मानिया बेटावर ७० रोग्यांस बारा आठवडे हळदीचा अर्क देऊन पाहिला. २०२० सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वेदना कमी झाली, पण सूक्ष्म चित्रण करूनहि कूर्चेच्या घटनेंत किंवा सांध्यांतील सुजेंत फरक आढळला नाहीं. तीन ठिकाणीं, तीन काळीं केलेल्या प्रयोगांनीं एकच साक्ष दिली आहे. दुखणें उतरलें, सांध्याच्या चित्रांत बदल झाला नाहीं.

याहून मोठा प्रयोग भारत सरकारच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या साह्यानें झाला व त्याचा निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. डॉ. चोप्रा हेच त्याचे प्रमुख होते. सुंठ, गुळवेल, आंवळा, सालई, गुग्गुळ अशा द्रव्यांचे दोन योग एका बाजूस, आणि ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब हीं दोन आधुनिक औषधें दुसऱ्या बाजूस, अशी ४४० रोग्यांवर २४ आठवडे तुलना करण्यांत आली. वेदना व चालणेंफिरणें यांबाबत आयुर्वेदीय योग आधुनिक औषधांच्या बरोबरीचे ठरले. तथापि दोन गोष्टी विसरूं नयेत. या प्रयोगांत निरौषधी गोळी घेणारा गट नव्हता. दुसरें, आयुर्वेदीय योग घेणाऱ्यांपैकीं सात जणांच्या रक्तांत यकृतावरील ताण दाखविणारें द्रव्य वाढलें. औषध थांबविल्यावर तें पूर्ववत् झालें. रोग्यांच्या रक्ताची तपासणी वरचेवर होत होती, म्हणूनच हें वेळेवर कळलें. बाजारांतून पुडी आणून खाणाऱ्याची अशी तपासणी कोण करितो?

एकेका द्रव्याविषयीं थोडेंसें

सालई. सातपुड्याच्या व विदर्भाच्या कोरड्या डोंगराळ वनांत हें झाड आढळतें. त्याच्या डिंकास आयुर्वेदांत शल्लकी म्हणतात. सर्व वनस्पतींत हिच्याविषयींचा पुरावा त्यांतल्या त्यांत बरा आहे. २०१४ सालीं जगभरचे प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हां तिचा शुद्ध अर्क घेणाऱ्यांची वेदना, १०० गुणांच्या मापावर, निरौषधी गोळी घेणाऱ्यांपेक्षां सुमारें १७ गुणांनीं कमी दिसली. मात्र हा आंकडा थोड्याच रोग्यांवरून काढलेला आहे.

हळद. वसमत-हिंगोलीकडील हळदीचा आम्हां मराठवाड्यांतील लोकांस अभिमान आहे, आणि तो रास्तहि आहे. थायलंडमधील ३६७ रोग्यांच्या प्रयोगांत हळदीचा अर्क चार आठवडे देऊन तो आयबुप्रोफेन या वेदनाशामकाच्या तोडीचा आढळला व पोटाचा त्रास कमी झाला. हा निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. परंतु तो अर्क होता, भाजींतील हळद नव्हे. हळदींत कर्क्युमिन हें कार्यकारी द्रव्य शेंकडा दोन ते पांच असतें. तीन ग्रॅमचा चमचा दुधांत घातला तर त्यांतून फार तर दीडशें मिलिग्रॅम कर्क्युमिन पोटांत जाईल, आणि त्यांतीलहि फारच थोडें रक्तांत शोषिलें जाईल. प्रयोगांत बहुधा दररोज एक हजार मिलिग्रॅम अथवा त्याहून अधिक देतात. रात्रीं हळदीचें दूध अवश्य प्यावें. त्यास औषध समजूं नये.

अश्वगंधा व गुग्गुळ. हीं दोन्ही बहुतेक सांधेदुखीच्या योगांत असतात; एकटीं घेऊन केलेल्या प्रयोगांचा पुरावा मात्र तोकडा आहे. अश्वगंधा गर्भवतींनीं घेऊं नये आणि थायरॉइडचा विकार असणाऱ्यांनीं विचारल्यावांचून घेऊं नये. गुग्गुळाचें झुडूप राजस्थान व गुजरातच्या कोरड्या भागांत वाढतें. डिंकासाठीं बेसुमार चिरा पाडल्यामुळें तें नष्टप्राय होत आहे. त्यामुळें शुद्ध गुग्गुळ मिळणें दुर्मिळ झालें आहे, आणि जो माल दुर्मिळ होतो त्यांत भेसळ वाढते, हा व्यापाराचा नियमच आहे. योगराज गुग्गुळ व महायोगराज गुग्गुळ हीं नांवें सारखीं वाटलीं तरी दुसऱ्यांत धातूंचीं भस्में असतात. वैद्याच्या सल्ल्यावांचून तो कदापि घेऊं नये.

निर्गुडी व एरंड. निर्गुडी ओढ्याकांठीं व बांधावर सहज सांपडते. तिचा पाला वाफवून शेकणें, किंवा एरंडाचें पान गरम करून बांधणें, हे उपाय आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. ऊब लागून ताठरपणा कमी होतो, खर्च कांहीं नाहीं आणि पोटांत कांहीं जात नाहीं. कातडी भाजणार नाहीं एवढी काळजी घ्यावी, विशेषतः मधुमेह्यांनीं. कारण त्यांस चटका कळत नाहीं.

ग्लुकोसामाइन. हें वनौषध नव्हे. बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढितात. परंतु वनस्पतींच्या गोळ्यांत तें मिसळलेलें आढळतें, म्हणून येथें उल्लेख केला. अमेरिकेंत १,५८३ रोग्यांवर झालेल्या व २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, सर्व रोग्यांचा एकत्र विचार करितां, तें निरौषधी गोळीहून सरस ठरलें नाहीं.

सावधगिरीच्या गोष्टी

पहिली गोष्ट, चूर्ण घेतल्यावर दोन दिवसांत जादूसारखा गुण आला तर हर्ष मानूं नये; संशय घ्यावा. वर वर्णिलेल्या वनस्पतींचा गुण आठवड्यांनीं येतो. तत्काळ गुण देणाऱ्या निनांवी पुड्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक गोळ्यांची पूड मिसळलेली असल्याचें देशांत वारंवार उघडकीस आलें आहे. अशा पुडीनें तोंड सुजतें, साखर वाढते, हाडें ठिसूळ होतात आणि जठरास व मूत्रपिंडांस इजा पोंचते. आणखी वाईट असें कीं, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडची पुडी एकाएकीं बंद केली तरी प्राणावर बेतूं शकतें. तेव्हां संशय आला तर पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावें. स्वतःच्या मनानें कांहीं करूं नये.

दुसरी गोष्ट, धातूंची. अमेरिकेंतील बोस्टन शहराच्या परिसरांत विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी २००४ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं १४ औषधांत शिसें, पारा किंवा सोमल आढळला. सर्वच औषधें अशीं असतात असें नाहीं, परंतु डबीवर परवाना क्रमांक, निर्मात्याचा पत्ता, घटकद्रव्यें व मुदत छापलेली नसेल तर ती डबी उचलूं नये.

तिसरी गोष्ट, वनस्पति म्हणजे निरुपद्रवी, हा समज सोडून द्यावा. मुंबईंत २०२० सालच्या अखेरच्या चार महिन्यांत गुळवेलीचा काढा घेतल्यावर यकृतास इजा झालेले सहा रोगी डॉक्टरांनीं नोंदविले. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल चुकून वापरली गेली असावी, असें आयुष मंत्रालयाचें त्यावर म्हणणें पडलें. दोहोंपैकीं कांहींहि खरें असो, बांधावरची वेल ओळखण्यांत चूक होऊं शकते, एवढा बोध शेतकऱ्यानें घ्यावाच. डोळे पिंवळे होणें, लघवी गडद होणें, अन्नावरची वासना उडणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास औषध तत्काळ थांबवावें. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनीं किंवा शस्त्रक्रिया ठरलेली असणाऱ्यांनीं हळदीचा अर्क, गुग्गुळ वगैरे घेत असल्याचें डॉक्टरांस न लपवितां सांगावें.

चौथी गोष्ट, जाहिरातींची. औषधें व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४, या कायद्यानें ज्या रोगांवर रामबाण औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे त्यांच्या यादींत संधिवाताचाहि समावेश आहे. तेव्हां 'संधिवात मुळापासून बरा' अशी हमी छापणारा मनुष्य कायदा मोडीत आहे, हें ओळखून त्याच्याशीं व्यवहार करावा कीं नाहीं तें ठरवावें.

मग प्रथम काय करावें?

ज्या उपायास कोणी जाहिरात देत नाहीं, कारण त्यांत विकण्यासारखें कांहीं नाहीं, तोच पहिला उपाय होय. मांडीच्या पुढील भागाचा स्नायु हा गुडघ्याचा खरा आधार आहे. तो दुबळा झाला कीं प्रत्येक पावलाचा धक्का सांध्यावर बसतो. खाटेच्या अथवा ओट्याच्या कडेवर बसून एक पाय सरळ करावा, मांडी आंवळून दहा आंकडे मोजेपर्यंत धरावा आणि हळू खालीं सोडावा. प्रत्येक पायास दहा वेळां, दिवसांतून दोनदां. तें साधूं लागल्यावर उंच खुर्चीवरून हात न टेकतां उठण्या-बसण्याचा सराव करावा. जगभरच्या प्रयोगांत नियमित व्यायामानें वेदनेंत १०० गुणांच्या मापावर दहाच्या आसपास गुणांचा उतार दिसला आहे, आणि शिवाय उठणें-चालणें सुधारलें आहे. यास खर्च शून्य आणि यकृतास भय नाहीं.

यावर कोणी म्हणेल, "आम्ही दिवसभर शेतांत राबतों, आम्हांस निराळा व्यायाम कशास?" प्रश्न योग्य आहे. उत्तर असें कीं, राबणें आणि स्नायु बळकट करणें या दोन गोष्टी एक नव्हेत. उकिडवें बसून खुरपतांना गुडघा पूर्ण वांकलेला राहतो व सांध्यावर मोठा दाब पडतो, पण मांडीचा स्नायु लांबूनलांबून दुबळाच राहतो. चीनमधील पेकिंग शहरांतील वृद्धांच्या पाहणींत, तरुणपणीं दररोज तीन तास किंवा अधिक उकिडवें बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज सुमारें दुप्पट आढळली होती.

दुसरा उपाय वजनाचा. चालतांना शरीराचें वजन गुडघ्यावर अनेक पटींनीं पडतें. एक किलो वजन उतरलें तर प्रत्येक पावलामागें गुडघ्यावरील भार सुमारें चार किलोंनीं कमी होतो, असें २००५ सालच्या एका अभ्यासांत मोजलें गेलें आहे. शेतांतील श्रम कमी झाले तरी जेवणाचें ताट पूर्वीचेंच राहतें, ही गोष्ट ज्यांच्या घरीं यंत्रें आलीं त्यांनीं विचारांत घ्यावी.

तिसरा उपाय अवजारांचा, आणि तो सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. सायकल कोळप्यानें उभ्यानें कोळपणी होते. लांब दांड्याच्या खुरप्यानें पुष्कळसें तण उभ्यानें निघतें. जेथें बसणें टळत नाहीं तेथें वीतभर उंचीचा पाट किंवा तिवई घेतली तरी गुडघ्याचा कोन बदलतो. परभणीच्या कृषि विद्यापीठांत शेतकरी स्त्रियांचे श्रम हलके करणाऱ्या अवजारांवर काम झालें आहे. त्याची माहिती करून घ्यावी. घरांत ओट्यावरची चूल आणि खुर्चीचा संडास या गोष्टींस चैन समजूं नये. ज्या पैशांत वर्षभराच्या डब्या येतात, त्याच पैशांत यांपैकीं एखादी गोष्ट कायमची होऊं शकते. आणि हा विचार करितांना घरधन्यानें आधीं आपल्या आईचे व पत्नीचे गुडघे पाहावे. तक्रार त्यांची अधिक असते आणि दवाखान्याची पाळी त्यांची शेवटीं येते.

औषध घ्यावयाचेंच असेल तर

इतकें करूनहि वेदना राहिल्यास वनौषध घेऊन पाहण्यास हरकत नाहीं. परंतु खताचा प्रयोग करावा तसें तें शिस्तीनें घ्यावें. एका वेळीं एकच औषध, जाणत्या वैद्याच्या सल्ल्यानें, परवान्याच्या डबींतील. आरंभ करण्यापूर्वीं वहींत तीन गोष्टी लिहाव्या: किती अंतर चालल्यावर कळ येते, रात्रीं झोपमोड किती होते, आणि वेदनाशामक गोळी आठवड्यांतून किती वेळां लागते. तीन महिन्यांनीं पुन्हां त्याच गोष्टी लिहून ताडून पाहाव्या. फरक नसेल तर औषध बंद करावें आणि आणखी एक डबी घेऊन पाहूं, या मोहास पडूं नये. फरक असेल तर चालू ठेवावें, मात्र यकृताची रक्ततपासणी करवून घ्यावी. व्यायाम दोन्ही पक्षीं सुरूच राहावा.

आणि कूर्चा अगदींच झिजून हाडावर हाड घांसूं लागलें, पाय धनुष्यासारखा वांकला, रात्रीची झोप गेली, तर त्या अवस्थेंत कोणतेंहि चूर्ण उपयोगी पडत नाहीं. तेव्हां कृत्रिम सांध्याची शस्त्रक्रिया हाच मार्ग राहतो. भारत सरकारनें ऑगस्ट २०१७ मध्यें कृत्रिम गुडघ्यांच्या किंमतींवर मर्यादा घातली, त्यामुळें ही शस्त्रक्रिया पूर्वींइतकी आंवाक्याबाहेरची राहिली नाहीं. लातूर व नांदेड येथें सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचीं रुग्णालयें आहेत. तेथील अस्थिरोग विभागांत आधीं दाखवावें, व सरकारी आरोग्य योजनांतून काय साह्य मिळूं शकतें याची चौकशी तेथेंच करावी. शस्त्रक्रियेच्या भीतीनें पांच-सात वर्षें पुड्यांवर घालविलीं म्हणजे स्नायु इतका खंगतो कीं पुढें शस्त्रक्रियेचाहि पुरा गुण येत नाहीं.

जमिनीची धूप झाली तर वाहून गेलेली माती कोणी परत आणून देत नाहीं. बांध घालून उरलेली राखावी लागते. गुडघ्याच्या कूर्चेचेंहि तसेंच आहे. सालई, हळद व सुंठ यांचा जेवढा गुण आहे तेवढा घ्यावा, त्यांबद्दल कृतज्ञ असावें, परंतु गेलेलें परत आणण्याचें काम त्यांच्यावर सोंपवूं नये. उरलेलें राखण्याचें काम आपल्या मांडीच्या स्नायूचें, आपल्या ताटाचें आणि आपल्या खुरप्याच्या दांड्याचें आहे. खरिपाची खुरपणी सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक शेतकरी बंधूनें घरांतील अवजारें एकवार बाहेर काढून पाहावीं, आणि त्यांपैकीं कोणतें उभ्यानें चालविण्याजोगें करून घेतां येईल याचा गांवच्या सुताराशीं व लोहाराशीं विचार करावा.